पाण्यात राहून कोरडे

उन्हाळा तापू लागला की गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या शिवारात विहिरींचे पाणी दिवसागणिक खाली सरकू लागते. उत्तरेला गोदावरी आहे, वर पैठणला १९७६ पासून जायकवाडीचे धरण आहे, त्याचा उजवा कालवा याच तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो. तरीही ज्याच्या वाट्याला कालव्याचे पाणी येत नाही त्याची भिस्त शेवटी विहिरीवरच. आता बहुतेकांनी पाण्यात बुडणाऱ्या सबमर्सिबल मोटारी बसवल्या आहेत. पण ज्या विहिरींवर अजून काठावर बसवायचा जुना पंप चालतो, तेथे वैशाखात तो दोराने बांधून खालच्या टप्प्यावर उतरवावा लागतो. पाणी लांब गेले की मोटार ओढत नाही, एवढे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

पंप वेळेवर खाली उतरवला नाही तर काय होते, हेही अनुभवी कानांना ठाऊक असते. पंपाच्या पोटातून खडी भरडल्यासारखा आवाज येऊ लागतो. पाणी कमी पडते, वीज मात्र जळतच राहते. हंगाम संपल्यावर पंप खोलून पाहावा तर आतला पंखा जागोजागी कुरतडलेला, मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र झालेला. वाळू आली असेल, असे आपण म्हणतो. पुष्कळदा वाळू नसतेच. तो पंखा पाण्याच्या बुडबुड्यांनी खाल्लेला असतो.

हाच बुडबुडा जगभरच्या आरमारांनी, धरण बांधणाऱ्या अभियंत्यांनी आणि संगणकासमोर बसून प्रवाहांचे गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेली सव्वाशे वर्षे अभ्यासाला घेतला आहे. लहान असताना लोखंड खाणारा हा बुडबुडा भरपूर मोठा केला, तर पाण्यातून जाणाऱ्या वस्तूला पाण्याच्या रोधातून जवळजवळ सोडवतो. या मोठ्या बुडबुड्याचे गणित ज्या पद्धतीने मांडले जाते, तिच्या मुळाशी पुण्यात जन्मलेल्या एका मराठी अभियंत्याचे काम आहे. म्हणून ही गोष्ट आपल्या घरचीही आहे.

न तापवता उकळणारे पाणी

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर तो ओढत नाही. तो नळीतला दाब कमी करतो आणि विहिरीच्या पाण्यावर बसलेली हवा पाण्याला वर ढकलते. हवेची ही ताकद समुद्रसपाटीला फार तर सव्वादहा मीटर उंचीच्या पाण्याला पेलते. मराठवाड्याच्या पठारावर ती त्याहून थोडी कमीच. नळीचे घर्षण, वाकणे आणि फूटव्हॉल्व्ह यांचा वाटा वजा केला की सहा-सात मीटरच हाती उरतात.

त्यापलीकडे ताणले तर पंख्याच्या तोंडाशी दाब फारच खाली जातो, आणि तेथे पाणी चक्क उकळते, न तापवता! महाबळेश्वरला पाणी पुण्यापेक्षा लवकर उकळते आणि कुकरमध्ये उशिरा, हे आपण जाणतो. कारण उकळणे जसे उष्णतेवर तसेच दाबावर अवलंबून असते. दाब वातावरणाच्या दोन ते चार टक्क्यांवर आणला, तर नेहमीच्या हवामानातले पाणीही वाफेचे बुडबुडे सोडू लागते. हे बुडबुडे पंख्याबरोबर पुढे जातात, तेथे दाब वाढतो आणि ते क्षणार्धात मिटतात. मिटताना भोवतालचे पाणी चारही बाजूंनी आत धावते आणि पोलादालाही खड्डा पडेल असा घाव बसतो. खडी भरडल्याचा आवाज तो हाच. अशा मिटणाऱ्या बुडबुड्याचे गणित लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये मांडले, आणि आजही अनेक संगणकीय प्रारूपे कोठे ना कोठे त्याच गणितावर उभी असतात.

या प्रकाराला कॅव्हिटेशन, म्हणजे पोकळी पडणे, असे नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ब्रिटनमध्ये. चार्ल्स पार्सन्स याने वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ ही बोट १८९४ मध्ये पाण्यात उतरवली. यंत्र दमदार होते, पण बोट अपेक्षेप्रमाणे धावेना. पंखा इतक्या वेगाने फिरत होता की त्याच्याभोवती पोकळी पडून तो पाण्याला धरतच नव्हता. पार्सन्सने १८९५ मध्ये काचेची खिडकी असलेला एक छोटा जलबोगदा बनवला आणि पोकळी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली. मग एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात हीच बोट ३४ नॉट वेगाने आरमाराच्या रांगांमधून निघून गेली आणि पाठलाग करणाऱ्या नौका मागे पडल्या.

शत्रूलाच मित्र करायचे

पोकळी टाळायची, हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग उलटा आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो. तेवढ्याच हवेचे जेमतेम सव्वा किलो. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड, शिवाय कितीतरी अधिक चिकट. पोहताना हात मारून पाहा आणि तोच हात हवेत फिरवून पाहा, फरक लगेच कळतो. मग पाण्याखालून जाणाऱ्या वस्तूचे अंग पाण्याला लागूच दिले नाही तर? पुढे फक्त नाकाचा शेंडा ओला, आणि मागचे सारे अंग वायूच्या लांबट बुडबुड्यात कोरडे!

हे सुपरकॅव्हिटेशन. नाकाशी एक लहानशी सपाट चकती बसवतात. वेगाने जाताना तिच्या कडेवरून पाणी फाकते आणि मागे लांबोळकी पोकळी तयार होते. वेग पुरेसा नसेल तर पोकळीत बाहेरून वायू सोडतात. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या हुबर्ट राइखार्ट याने १९४६ मध्ये दाखवले, की वाफेने भरलेली पोकळी आणि वायू सोडून फुगवलेली पोकळी यांचा आकार एकाच नियमाने ठरतो. आतला दाब आणि बाहेरचा दाब यांतला फरक वेगाच्या मानाने किती, एवढेच महत्त्वाचे. सोव्हिएत युनियनमध्ये गिऑर्गी लोग्विनोविच याने त्यात एक सुरेख नियम जोडला. चकती ज्या ठिकाणाहून गेली तेथे पाण्यात पडलेले भोक आपापले फुगते आणि आपापले मिटते. पुढच्या-मागच्या भोकांशी त्याला फारसे देणेघेणे नसते. त्यामुळे सारी पोकळी म्हणजे ओळीने ओवलेल्या कड्यांची माळ, असे समजून हिशोब करता येतो.

या विद्येतून सोव्हिएत नौदलाचा ‘श्कवाल’ हा पाणतीर तयार झाला आणि १९७७ मध्ये सेवेत आला. त्याचा वेग सुमारे २०० नॉट, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या घरात. साधे पाणतीर ४० ते ६० नॉटच्या आसपास जातात. अमेरिकी नौदलाच्या न्यूपोर्ट येथील केंद्राने १९९७ मध्ये पाण्याखाली सोडलेला एक गोळा सेकंदाला १,५४९ मीटर वेगाने गेला. तो वेग पाण्यातल्या ध्वनीच्या वेगाहून अधिक होता.

कागदावरचा ढोबळ हिशोब

एवढे वाचून वाटेल, की पोकळी केली की झाले, रोध संपला. तसे नाही. या विषयातली प्रचलित सूत्रे घेऊन आपणच एक ढोबळ हिशोब करून पाहू. दहा सेंटिमीटर जाडीची, एक मीटर लांबीची एक दांडी पाण्याच्या पृष्ठभागाखाली, फार खोल नव्हे, सेकंदाला ५० मीटर वेगाने जात आहे असे धरा. पाणी अंगाला घासत गेले तर नुसत्या घर्षणाचा रोध सुमारे ९५ किलो वजनाइतका येतो.

आता नुसत्या वाफेची पोकळी करून पाहू. तिच्यात सारी दांडी मावावी तर चकती ५.४ सेंटिमीटर व्यासाची लागते. घर्षण गेले खरे, पण त्या चकतीवर पाण्याचा जो मारा बसतो तो अडीचशे किलोंहून अधिक! म्हणजे बचत दूरच, तोटा झाला. मग पोकळीत वायू सोडू आणि आतला दाब वातावरणाच्या पाऊण हिश्शापर्यंत नेऊ. आता तीच पोकळी अवघ्या १.८ सेंटिमीटरच्या चकतीने होते आणि रोध २७ किलोंवर येतो. पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

खरी मेख आहे ती वायूत. तो किती सोडायचा, कोठून सोडायचा, शेपटाकडून तो किती निसटतो, यावर सारा नफा-तोटा ठरतो. आणि नेमकी हीच गोष्ट वरच्या सुटसुटीत सूत्रांत बसत नाही. पोकळीचे पुढचे टोक नितळ काचेसारखे असते. मागचे टोक म्हणजे फेस, भोवरे आणि आत उलटा घुसणारा पाण्याचा झोत. कधी वायू दोन भोवऱ्यांच्या नळ्यांतून निघून जातो, कधी फेसाच्या गोळ्यांनी तुटतो. शिवाय पोकळीत पाणी नाही म्हणजे तरंगवणारे कोणी नाही. दांडीचे शेपूट स्वतःच्या वजनाने पोकळीच्या भिंतीवर आदळते, उसळते, पुन्हा आदळते. प्रत्येक आदळण्यात रोध वाढतो. हे सारे कागदावर सोडवणे माणसाच्या आवाक्यातले नाही. येथे संगणक लागतो.

पुण्याचे पाटणकर

सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ चा, पुण्याचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९६२ मध्ये पदवीधर झाले, १९६४ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९६७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून ब्रायन स्पाल्डिंग यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. १९७२ मध्ये या गुरुशिष्यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की शब्द होतो ‘सिंपल’, म्हणजे सोपे.

पाण्याच्या प्रवाहाचे गणित अडते ते दाबापाशी. वेग कळायला दाब हवा, आणि दाब कळायला वेग हवा. पाटणकर-स्पाल्डिंग पद्धत कशी चालते, हे कालव्याच्या पाळीवर अवलंबून असणाऱ्याला पटकन समजेल. सारा प्रवाह लहान लहान चौकटींत वाटून टाकायचा, जशा कालव्याच्या वितरिका आणि चाऱ्या. प्रत्येक चौकटीत दाब किती असेल याचा आधी एक अंदाज करायचा. त्या अंदाजावरून वेग काढायचे. मग प्रत्येक चौकटीत हिशोब तपासायचा: जेवढे पाणी आत आले तेवढे बाहेर गेले का? एखाद्या चौकटीत पाणी जास्त साचताना दिसले, तर तेथे दाब कमी धरला होता, तो वाढवायचा. कोठे तूट दिसली तर दाब उतरवायचा. पुन्हा वेग, पुन्हा तपासणी, पुन्हा दुरुस्ती. सर्व चौकटींचा जमाखर्च जुळेपर्यंत हे चालू ठेवायचे. माणूस कंटाळेल, संगणक कंटाळत नाही.

पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८० साली आलेले त्यांचे पुस्तक या विषयाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचले आहे. विमानाच्या इंजिनापासून संगणकाच्या पंख्यापर्यंत जेथे जेथे वाहत्या हवेचा वा पाण्याचा हिशोब होतो, तेथे ही पद्धत किंवा तिची भावंडे कामाला असतात.

पोकळीच्या प्रश्नात याच जमाखर्चाला आणखी एक रकाना जोडावा लागतो: या चौकटीत पाणी किती, वाफ किती आणि बाहेरून सोडलेला वायू किती? दाब अमुक पातळीच्या खाली गेला तर पाण्यातून वाफेच्या खात्यात किती रक्कम वळवायची, आणि दाब वाढला की किती परत आणायची? २००२ मध्ये सिंघल, आठवले, ली आणि जियांग या चौघांनी यासाठी जे प्रारूप प्रसिद्ध केले, ते फार गाजले. त्यात रॅलेच्या बुडबुड्याचे गणित तर होतेच, पण पाण्यात विरघळलेल्या, कधीच न निवणाऱ्या वायूचाही हिशोब धरला होता. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल गावच्या कंपनीत झालेले हे काम पुढे बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आले. त्या यादीतले आठवले हे आडनाव मराठी वाचकाला थांबून पुन्हा वाचावेसे वाटेल.

रंगीत चित्रे आणि ओले सत्य

संगणकाचा एक दुर्गुण मात्र लक्षात ठेवायला हवा. तो उत्तर नेहमीच देतो. चुकीच्या प्रश्नालाही तितक्याच ऐटीत, तितक्याच सुंदर रंगीत चित्रात देतो. चौकटी मोठ्या ठेवल्या तर शेपटाकडचे भोवरे पुसले जातात आणि वायू निसटतच नाही असे दिसते. मग प्रत्यक्षात लागणाऱ्या वायूपेक्षा कमी वायूत भागेल असे अभियंता समजतो. चौकटी प्रत्येक दिशेने निम्म्या करायच्या तर त्यांची संख्या आठपट होते, काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणजे काम सोळापट. म्हणूनच महासंगणकांची गरज. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, तेव्हा सेकंदाला सुमारे शंभर कोटी आकडेमोडी हा आपल्याला पराक्रम वाटला होता, आणि तो होताही. आज तेवढी ताकद टेबलावरच्या साध्या संगणकात असते. पण भोवऱ्यांचे गणित आजही महासंगणकाला घाम फोडते.

यावर उपाय एकच: पाण्यात हात घालून पाहणे. मिनेसोटा विद्यापीठाचीच सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळा मिनिआपोलिसला मिसिसिपी नदीच्या काठावर १९३८ पासून उभी आहे. तेथे रॉजर आर्न्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायू सोडून केलेल्या पोकळ्यांवर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांना आढळले, की पोकळी उभी करायला जेवढा वायू लागतो, त्याहून पुष्कळच कमी वायूत ती टिकून राहते. थांबलेली बैलगाडी हलवायला जोर लागतो, चालू लागली की कमी जोरात चालते, तसेच काहीसे. २०१६ मध्ये आशिष कर्ण, आर्न्ट आणि जियारोंग हाँग यांनी पोकळीचे शेपूट किती तऱ्हांनी मिटते, याचे सविस्तर निरीक्षण मांडले. संगणकाच्या प्रारूपाची परीक्षा अशा निरीक्षणांवरच होते.

प्रयोगालाही मर्यादा आहेतच. जलबोगद्याच्या भिंती पोकळीला मोकळेपणी फुगू देत नाहीत. समुद्राला भिंती नसतात. संगणकात मात्र भिंत काढून टाकणे सोपे. म्हणून आधी बोगद्यासकट हिशोब करायचा, तो प्रयोगाशी जुळला की भिंती काढायच्या. दोघे एकमेकांचे साक्षीदार आहेत. एकट्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही.

कोणासाठी हे सारे?

प्रश्न असा येतो, की पाणतीर वेगाने जावा यासाठी एवढी विद्या खर्च व्हावी काय? या विषयाभोवती संशयाचे वातावरण आहे, हे खरे. २००० मध्ये एडमंड पोप नावाच्या अमेरिकी माणसाला श्कवालची माहिती मिळवल्याच्या आरोपावरून मॉस्कोत अटक झाली, वीस वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि त्याच डिसेंबरात त्याला माफी मिळाली. ज्या विद्येपायी माणसे तुरुंगात जातात, तिचे उत्तम निकाल कपाटात बंद राहणार, हे उघड आहे.

पण तीच विद्या दुसऱ्या दारानेही बाहेर आली आहे. १९८३ च्या पुरात अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात पोकळ्या पडून काँक्रीट उखडले आणि खालच्या खडकात सुमारे दहा मीटर खोल खड्डा झाला. उपाय काय केला? बोगद्यात खाचा ठेवून पाण्याखाली हवा शिरू दिली. हवा मिसळलेले पाणी उशीसारखे दबते, बुडबुड्यांचा घाव बोथट होतो. जपानच्या मित्सुबिशी कंपनीने २०१० मध्ये ‘यामाताई’ या मालवाहू जहाजाच्या सपाट तळाखाली हवेचे बुडबुडे सोडण्याची व्यवस्था केली आणि दहा टक्क्यांच्या आसपास बचत नोंदली गेली. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनातला सुमारे तीन टक्के वाटा जहाजांचा आहे, हे ध्यानात घेतले तर ही बचत लहान नव्हे. निसर्गाने तर ही युक्ती आधीच वापरली आहे. एम्परर पेंग्विन पिसांत धरून ठेवलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सोडत वेगाने वर येतात आणि पाण्यातून थेट बर्फावर उडी घेतात.

आणि पंप? त्याचे शहाणपण तर आजच वापरता येते. मोटारीतून खडी भरडल्यासारखा आवाज आला, तर पंप पाण्याच्या जवळ न्यावा, ओढीचा पाइप शक्य तितका रुंद आणि आखूड ठेवावा, अनावश्यक वाकणे काढावीत, फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करावी. पाणी घेणाऱ्या बाजूची चावी कधीही अर्धवट मिटू नये. पंखा वाचेल, वीजही वाचेल.

एक गोष्ट पूर्वीपेक्षा आज वेगळी आहे. पार्सन्सला बोट बांधावी लागली, राइखार्टला प्रयोगशाळा लागली, सोव्हिएत शास्त्रज्ञांना सरकारच पाठीशी लागले. पण प्रवाहाचे गणित सोडवणारे ‘ओपनफोम’ हे सॉफ्टवेअर २००४ पासून कोणालाही फुकट मिळते; पोकळी पडण्याची प्रारूपेसुद्धा त्यात आहेत. उमापूरच्या शाळेतून गणित पक्के करून गेवराईला किंवा बीडला शिकायला गेलेली एखादी मुलगी एका साध्या संगणकावर पंपाच्या पंख्याभोवतीचा बुडबुडा मांडू शकते. त्याच्या पात्याचा कोन थोडा बदलला तर तो बुडबुडा लहान होतो का, हे पाहू शकते. तिला लागेल ते इतकेच: जमाखर्च जुळेपर्यंत न कंटाळण्याची सवय, आणि पडद्यावरचे चित्र कितीही देखणे असले तरी खऱ्या पाण्याने त्याला दुजोरा दिल्याशिवाय त्यावर विश्वास न ठेवण्याची शिस्त. श्कवालचा वेग वाढवायला पुष्कळ लोक आहेत. वैशाखातल्या उथळ विहिरीचे गणित मात्र अजून कोणाची तरी वाट पाहत आहे.